हुकलेला शॉट

विमान पडलं तेव्हा माझा कॅमेरा विमानावर नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणी विचारायला नको. विमानाचं शूटिंग करायचा मला पगार होता, विमान माझ्या डोळ्यांदेखत पडलं, आणि मी कॅमेरा भलतीकडेच धरला होता. त्यावरून मला काय काय ऐकवलं गेलं ते माझं मला ठाऊक. पण वाईट वाटतं का विचाराल तर नाय वाटत. तेव्हा नाय वाटलं, आता तर मुळीच नाय.

मी संघरत्ना रोकडे. गाव शेणवा, तालुका शहापूर. माझ्या भावानं, बुद्धभूषणनं, कल्याणहून एक जुना व्हिडिओ कॅमेरा आणला होता, खांद्यावर ठेवायचं मोठं धूड. लग्नाच्या शूटिंगचा धंदा करायचा म्हणून आणला, आणि स्वतः वासिंदच्या कंपनीत लागला. कॅमेरा घरी पडून. मी उचलला. लोक म्हणाले, बाईमाणूस आणि खांद्यावर कॅमेरा? मी म्हटलं, डोक्यावर मोळी चालते, कमरेवर हंडा चालतो, मग खांद्यावरच्या कॅमेऱ्यानं तुमचं काय घोडं मारलंय? पहिल्या वर्षी हसले, दुसऱ्या वर्षी तारखा घ्यायला दारात उभे राहिले.

लग्नाच्या शूटिंगचा एक नियम मी माझा मीच काढला. अक्षता पडतात तेव्हा नवरानवरीकडे बघायचं नाय. ती दोघं कुठं पळून जात नायत, त्यांना नंतर पाहिजे तेवढं काढता येतं. त्या वेळी कॅमेरा फिरवायचा नवरीच्या आईकडे. तिचं तोंड त्या घडीला जसं होतं तसं पुन्हा होत नाय. आमच्या बौद्धांच्या लग्नात अक्षता नसतात, फुलं टाकतात, पण आई ती आईच. माझ्या कॅसेट चालायच्या त्या या नियमावर. मुरबाडपर्यंत नाव झालं होतं, शेणव्याची पोरगी तोंडं चांगली काढते म्हणून.

आणि आमच्याकडं शूटिंग म्हणजे घरच्यांपुरतं नसतं. कॅसेट तयार झाली की टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा, मांडवात ठेवायचा, आणि अख्ख्या वाडीनं बसून बघायचं. जो जो त्यात दिसतो त्याला बघायचा हक्क. ज्याचं तोंड त्याचा पिच्चर, असंच म्हणतात. कोणाचं तोंड राहून गेलं तर माझ्याशी भांडायला येतात, आणि भांडावंच.

तर विमान. धसईच्या वरच्या अंगाला एक मोठा माळ आहे, सपाट, वाऱ्याचा. तिथं मुंबईचं एक संशोधन केंद्र आलं. पत्र्याची शेड उभी राहिली, माळावर डांबराचा लांब पट्टा पडला. त्यांचं विनापायलटचं विमान होतं. दोन बैलगाड्या एकापुढं एक लावाव्यात एवढं लांब, पुढं पंखा, पेट्रोलवर चालणारं. माणूस आत बसत नसे. खाली उभं राहून हातातल्या पेटीवरून चालवायचे. वरून जमिनीचे नकाशे काढायला ते कामाला येणार होतं. प्रत्येक उड्डाणाचं शूटिंग लागायचं, म्हणजे नंतर इंजिनियर लोक ते हळूहळू फिरवून बघत आणि कुठं काय डुगडुगलं ते शोधत. मुंबईहून आणलेला कॅमेरावाला माळावरच्या उन्हाला कंटाळून पळाला. धसईत बंटीचं टीव्ही-रेडिओचं दुकान आहे, त्यानं केंद्राच्या लोकांना माझं नाव सांगितलं.

केंद्राचे मुख्य टिपणीससाहेब. उंच, गोरे, मऊ बोलणारे. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, मग म्हणाले, "रोकडे म्हणजे...?" आणि थांबले. मला ते थांबणं लहानपणापासून पाठ आहे. मी म्हटलं, "म्हणजे रोकडेच साहेब. उधारी नाय." ते हसले. मला कामावर घेतलं, कारण त्यांचा कॅमेरा आणि माझा कॅमेरा एकाच जातीचा होता आणि त्या उन्हात दुसरं कोणी येत नव्हतं.

खरं सांगते, ते काम मला आवडलं. लग्नापेक्षा आवडलं. विमानाच्या थोडं पुढं कॅमेरा न्यायचा, म्हणजे ते चौकटीतून निसटत नाय. खालची जमीन थोडी चौकटीत ठेवायची, म्हणजे विमान किती कललं ते कळतं. दुसरा डोळा मिटायचा नाय. आणि पंखा फिरायचा थांबेपर्यंत बटण बंद करायचं नाय, काय वाटेल ते झालं तरी. पट्ट्यावर धावता धावता त्याची चाकं जमीन सोडायची तेव्हा माझ्या टाचा आपोआप उचलल्या जायच्या, दर खेपेला. आईला, चिमाबाईला, मी रोज घरी येऊन सांगायचे, आज उडालं गो आई. ती म्हणायची, तुला पगार विमानाचा भेटतो का नाचायचा? त्याच वर्षी मी सरकारी फिल्म विभागात कॅमेऱ्याच्या जागेसाठी अर्जही केला होता. केंद्राचा अनुभव, वर गावातल्या पोलीस पाटलाचा दाखला. बाई म्हणून तिथं कोणी अडवणार नव्हतं, सरकारी जाहिरातीत तसं छापलेलंच होतं. मला वाटत होतं, आता आपलं नशीब फळफळलं.

माळाच्या शेवटाला ठाकरांची, आदिवासींची वाडी. तिथं लखमाचं शेवटचं घर आणि शेवटचा राब. राब म्हणजे काय ते शहरातल्यांना सांगायला लागतं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत असं थरावर थर पसरायचं, वरून माती टाकायची आणि उन्हाळ्यात भाजायचं. भाजलेल्या जागेत रोप जोमानं येतं, तण मरतं. आमच्या सगळ्या मुलखात वैशाखात राब भाजतात. केंद्रानं धसईच्या पोलीस पाटलाकरवी निरोप धाडला की मोठं उड्डाण होईपर्यंत पट्ट्याच्या तोंडाशी धूर नको. वाडीतल्या बाकीच्यांचे राब लांब होते, त्यांनी भाजून घेतले. लखमाचा नेमका पट्ट्याच्या तोंडाशी. तो थांबला. रोज येऊन मला विचारायचा, पाखरू उडालं का बाय? मी म्हणायचे, उद्या. तो परत जायचा. कधी चिडला नाय, कधी शिवी दिली नाय. मी असते तर दिली असती.

मोठ्या उड्डाणाचा दिवस आला तेव्हा दिल्लीहून पैसे देणारी माणसं येणार होती, ती आली नायत, पण टिपणीस म्हणाले, आजच उडवायचं, त्यांना कॅसेट पाठवू. सगळी वाडी बघायला जमली. विमान उठलं, वळलं, माळावरून एक फेरी मारली. मी चौकटीत धरून होते. दुसऱ्या फेरीला इंजिन खोकलं. मग परत खोकलं आणि गप्प झालं. विमानाचा एक पंख खाली गेला. पेटी हातात घेतलेला इंजिनियर ओरडायला लागला. माझ्या ध्यानात आलं की हे आता जाणार.

आणि माझा हात फिरला. मी ठरवून केलं नाय. सहा वर्षं अक्षता पडताना जो हात आईकडे फिरला तोच फिरला. चौकटीत लखमा आला. कमरेवर हात, वर बघतोय, तोंड उघडं. त्याच्यामागं त्याचा राब, भाजायचा राहिलेला, वरची मातीसुद्धा हललेली नाय. राबाच्या बांधावर त्याची बायको सावळी, काखेत कळशी. लखमाचे डोळे विमानाबरोबर खाली खाली येत गेले आणि मग धाड असा आवाज झाला. तेवढ्यात मी भानावर आले आणि कॅमेरा परत वळवला. विमान गवतात नाक खुपसून पडलं होतं आणि जळत होतं. आग गवतातून सरकत लखमाच्या राबाकडे निघाली. बटण मी बंद केलं नव्हतं. लखमा घोंगडी घेऊन आग झोडपत होता तेही आलं, राब पेटला तेही आलं, सगळं एका दमात.

संध्याकाळी शेडमध्ये कॅसेट लावली. टिपणीस पुढं बसले होते. विमान कलायला लागलं, आणि पडद्यावर लखमा. त्यांनी दोनदा मागं घेऊन बघितलं, मग माझ्याकडे वळले.

"एवढं मोठं विमान पडत असताना तू त्या ठाकराचं तोंड काढत होतीस?"

चूक तर झालीच होती. इंजिनियर लोकांना नेमका तोच तुकडा पाहिजे होता. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. लग्नातली अक्कल इथं चालत नाही, असं ते म्हणाले, तेही ऐकलं. घरी येऊन जेवले नाय. आई म्हणाली, पडणारं पडलं, तू बघितलं काय नाय बघितलं काय. मी तिच्यावर खेकसले.

हे इतकंच राहिलं असतं तर मी आयुष्यभर मान खाली घालून राहिले असते. पण टिपणीसांनी अहवाल लिहिला. इंजिन बंद पडलं हे त्यात कुठंच नव्हतं. अहवालात असं होतं, की स्थानिक इसम लखमा यानं मनाई असताना उड्डाणाच्या वेळी राब पेटवला, त्याच्या धुरानं आणि गरम हवेनं विमानाचा तोल गेला, आणि केंद्राचं मोठं नुकसान झालं. इंजिन बंद पडलं म्हटलं असतं तर दिल्लीनं हात आखडता घेतला असता, केंद्र गुंडाळलं असतं. ठाकरानं पाडलं म्हटलं की कोणी काय बोलत नाय. पोलीस आले आणि लखमाला घेऊन गेले. जळलेला राब समोर होताच, पुरावा म्हणून त्याच्याकडेच बोट करून दाखवलं. ज्यानं तुमच्यासाठी राब थांबवला, त्यालाच राब पेटवला म्हणून धरलं. मला कळलं तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी टिपणीसांनी मला बोलावलं. एकदम मऊ आवाज. म्हणाले, त्या दिवशीची कॅसेट तशी कामाची नाही, तूच वाया घालवलीस, तर उद्या शेडचं आणि पट्ट्याचं शूटिंग आहे ते त्याच कॅसेटवर घे. आमच्याकडं एका कॅसेटवर दुसरं घ्यायची पद्धत होतीच, त्यात नवीन काय नव्हतं. पण त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं नाय. मी म्हटलं, साहेब, लखमा आत आहे, आणि कॅसेटमध्ये राब पेटलेला नाय हे दिसतंय. ते म्हणाले, "संघरत्ना, तुझी चूक मी पोटात घातली ना? मग तूही शहाणपणानं वाग. सरकारी जागेसाठी तुला माझंच शिफारसपत्र लागणार आहे."

मी हो म्हटलं. कपाट उघडलं, कॅसेट काढली, पिशवीत घातली आणि शेडच्या बाहेर पडले ती सरळ धसईचा रस्ता धरला. हो, मी चोरली. केंद्राची कॅसेट, केंद्राचं कपाट, किल्ली तेवढी माझ्याकडं असायची.

वाटेत सावळीला बरोबर घेतलं आणि दोघी मुरबाडच्या पोलीस स्टेशनला गेलो. लखमाला तोपर्यंत कल्याणच्या जेलमध्ये हलवलं होतं. फौजदार वाईट माणूस नव्हता, पण थकलेला होता. त्यानं सांगितलं की जागेचा पंचनामा झाला, केंद्राचा अहवाल आला, मोठ्या शिकलेल्या लोकांचा अहवाल आहे, कोर्टानं कोठडी दिली, आता तू मला सिनेमा दाखवणार का? आणि दाखवायचा तर आमच्याकडं व्हीसीआर कुठाय? सावळी त्याच्या पायाशी बसायला लागली, मी तिला दंडाला धरून उठवलं. मी म्हटलं, तुमच्याकडं व्हीसीआर नाय ना, मग जिथं आहे तिथं लावते.

परत धसईत आलो तर बाजाराचा दिवस होता. भाजीवाल्या, तांदळाची पोती, सुकी मासळी, सगळा रस्ता भरलेला. बंटीच्या दुकानात नवा मोठा टीव्ही रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला असतो. मी त्याला म्हटलं, ही लाव. त्यानं आधी ऐकलं काय भानगड आहे ते, आणि म्हणाला, माझ्या दुकानावर काय आलं म्हणजे? मी म्हटलं, तुझ्या बहिणीच्या लग्नात तुझी आई रडली ती अजून तू लावून बघतोस ना? ती कोणी काढली? बंटीनं गुपचूप कॅसेट आत ढकलली.

पहिल्यांदा चारपाच जण थांबले. विमान दिसलं म्हणून पोरंटोरं धावली. मग वाडीतली माणसं आली आणि स्वतःला बघून हसायला लागली. मग विमान कललं आणि पडद्यावर लखमा आला, मागं राब. हसणं बंद झालं. धाड झाल्यावर एक म्हातारी भाजीवाली मोठ्यानं म्हणाली, अरं मग राब पेटला कंदी? सगळ्यांनी समोर आग सरकताना बघितली. मग मागून आवाज आला, परत लाव. बंटीनं परत लावली. परत लाव, परत लाव, असं चाललं. भाजीवाल्यांनी टोपल्या सोडल्या, एसटीची माणसं उतरून बघायला लागली. निरोप घेऊन गेलेला पोलीस पाटील गर्दीत उभा होता. तिसऱ्या खेपेला त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, माझ्याच तोंडून निरोप गेला होता, लखमा थांबला होता. सावळी टीव्हीच्या अगदी पुढं बसून होती. नवऱ्याचं तोंड आलं की पदर घट्ट धरायची.

टिपणीसांची जीप आली तेव्हा रस्ता जाम होता. ते खाली उतरले, गर्दीतून वाट काढत दुकानात शिरले आणि बंटीला म्हणाले, बंद कर. बंटी माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, चालू ठेव.

"ही केंद्राची मालमत्ता आहे," टिपणीस म्हणाले. आता आवाज मऊ नव्हता.

"कॅसेट तुमची," मी म्हटलं. "कॅमेरा तुमचा, विमान तुमचं. पण तोंड लखमाचं हाय. आणि ज्याचं तोंड त्याचा पिच्चर."

ते म्हणाले, ही सरळ सरळ चोरी आहे, चल मुरबाडला, तुझ्यावर गुन्हा दाखल करतो. मी म्हटलं, चला. त्यांनी जीपचं दार उघडलं. मी म्हटलं, तुमच्या जीपमध्ये बसले तर कॅसेट मुरबाडला पोचायची नाय, मी एसटीनं येते. कॅसेट काढून परत पिशवीत घातली, पिशवी काखेत दाबली आणि एसटीत चढले. माझ्यामागं सावळी, पोलीस पाटील, वाडीतली माणसं, दोन भाजीवाल्या चढल्या. बंटी व्हीसीआर मांडीवर घेऊन बसला, दुकान त्यानं कोणाच्या भरवशावर सोडलं देव जाणे. कंडक्टर म्हणाला, सगळी वरात कुठं निघाली? कोणीतरी म्हणालं, पोलीस स्टेशनला. त्यानं तिकिटं फाडली.

पोलीस स्टेशनात टिपणीस खुर्चीत, आमी सगळे उभे. त्यांनी तक्रार सांगायला सुरवात केली. कपाटातून कॅसेट चोरली, नोकरी करणाऱ्या मुलीनं विश्वासघात केला. फौजदार लिहीत होता. मग त्यानं विचारलं, चोरीला गेलेल्या मालाचं वर्णन सांगा. टिपणीस म्हणाले, एक व्हिडिओ कॅसेट. त्यात काय आहे? तांत्रिक चित्रीकरण, ते म्हणाले.

"तसं नाय चालत साहेब," फौजदार म्हणाला. "चोरीचा माल म्हणजे मुद्देमाल. उद्या कोर्टात हीच ती कॅसेट कशावरून? पंच बोलवायला लागतील, कॅसेट लावायला लागेल, आत काय काय दिसतं ते पंचनाम्यात लिहायला लागेल. मग ती सील करून ठेवायची. केस संपेपर्यंत ती सरकारजमा. कोणाला हात लावता येणार नाय, तुम्हालासुद्धा."

तो हे नेहमीचंच बोलत होता. चोरीच्या सायकलीबद्दलही तो असंच बोलला असता. पण मी टिपणीसांच्या तोंडाकडे बघत होते. तोंडं बघायची मला सवय आहे. ते तोंड हळूहळू उतरलं. त्यांना कळलं, आणि त्यांच्या तोंडावरून मला कळलं.

ते खाकरले. म्हणाले, जाऊ द्या फौजदारसाहेब, मुलगी आहे, अजाण आहे, हिच्या आयुष्याचं नुकसान कशाला? कॅसेट तेवढी परत द्या, मी तक्रार मागं घेतो. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुझी नोकरीही राहील, शिफारसही देईन. झालं गेलं गंगेला मिळालं.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पोलीस पाटील म्हणाला, साहेब मोठ्या मनाचे. सावळीनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, देऊन टाक बाय, आमच्यापायी तुझं नको वाटोळं. तिचा नवरा जेलात आणि ती मला हे सांगत होती. फौजदारानं पेन ठेवून दिलं आणि माझ्यापुढं हात केला, आण ती इकडं, म्हणून. तो हात कॅसेट घेऊन टिपणीसांना द्यायला पुढं आला होता.

मला सगळं दिसत होतं, मी काय येडी नव्हते. चोरीचा गुन्हा म्हणजे सरकारी जागेवर पाणी. चौकशी होते, पोलिसांचा दाखला लागतो, तिथंच नाव कापतात. लग्न? आमच्याकडं पोरीवर केस आहे म्हटल्यावर उंबरा कोण ओलांडतं? आई काय म्हणेल ते कानात ऐकू यायला लागलं. आणि दुसऱ्या बाजूला ती कॅसेट. परत दिली की उद्या त्यावर शेडचं शूटिंग. मग बाजारात शंभर माणसांनी बघितलं काय, हजारांनी बघितलं काय, अहवालापुढं कोण विचारतंय.

मी कॅसेटचा हात मागं घेतला.

"फौजदारसाहेब, मला माफी-बिफी नको. चोरी झालेय. मी केलेय. साहेबांच्या कपाटातनं काढली, पिशवीत घातली, घेऊन पळाले. चोरी लिहून घ्या."

"पोरी, शुद्धीवर आहेस का?" फौजदार म्हणाला. "हा डाग एकदा लागला की निघत नाय."

"लिहा. साहेब मघाशी स्वतःच सांगत होते ना? अर्ध्यावर कशाला सोडता? आणि पंच बोलवा. व्हीसीआर आमी आणलाय."

टिपणीस उभे राहिले. म्हणाले, माझी तक्रारच नाही. फौजदारानं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दारात दाटीवाटीनं उभ्या असलेल्या बाजाराकडे. थकलेला माणूस होता तो, पण गाढव नव्हता. एवढ्या वेळात त्यालाही कळलं होतं की साहेबांना आपली वस्तू चोरीला गेली नाय असं का पाहिजे. त्यानं सांगितलं, साहेब, तक्रार तुमी दिलीत, मी लिहिली, आरोपी स्वतः कबूल करते, मुद्देमाल तिच्या हातात आहे. आता मी हे कसं फाडू? बसा.

टेबलावरची फायली-कागदं बाजूला सरकवून व्हीसीआर ठेवला. टीव्ही पलीकडच्या हॉटेलवाल्याचा आणला. धसईच्या दोन भाजीवाल्या पंच म्हणून बसल्या. कॅसेट लागली. फौजदार सांगत होता आणि हवालदार लिहीत होता. पडद्यावर एक विमान दिसते. विमानाचे इंजिन बंद पडल्याचा आवाज येतो. विमान एका बाजूस कलते. त्यानंतर एक इसम दिसतो, त्यास पंच लखमा म्हणून ओळखतात. त्याचे मागे राब.

इथं फौजदार थांबला. टिपणीस म्हणाले, हे तांत्रिक बाबींशी संबंधित नाही, हे लिहायची गरज नाही. भाजीवाली त्यांच्याकडे बघून म्हणाली, मी पंच हाय, मला दिसतंय ते मी बोलनार. फौजदारानं टीव्हीकडे बोट केलं आणि हवालदाराला म्हणाला, लिही. त्या वाक्यानं लखमा कल्याणहून सुटून वाडीला आला, पण ते नंतर. त्या घडीला माझं सगळं ध्यान हवालदाराच्या पेनकडे होतं. त्यानं लिहिलं, वाळू टाकून शाई सुकवायचे दिवस गेलेले असले तरी त्यावर एक फुंकर मारली, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

खाली डावीकडं आरोपी असं लिहून रेघ मारली होती. तिथं बोट ठेवून तो म्हणाला, सही. मी म्हटलं, थांबा, आधी वाचू द्या. वरपासून वाचत आले. ते वाक्य सापडलं. राब पेटलेला नाही. मी ते मोठ्यानं वाचलं, दाराशी उभ्या असलेल्या सावळीला ऐकू जाईल असं. मग परत एकदा वाचलं, टिपणीसांकडे बघून.

आणि रेघेवर माझं पूर्ण नाव लिहिलं.